विमान वेळेवर होते

परवा अल्लीपूरच्या शाळेत भूगोलाच्या सरांची शोकसभा झाली. जे बोलले त्यांचे आपसांत फारसे जमत नाही, तरीही एका मुद्द्यावर त्यांचे एकमत दिसले. सरांची विद्यार्थिनी वंदना हिच्या वडिलांच्या मातीच्या दिवशी तिचे विमान उशिरा आले, म्हणून अंत्यविधीची सरांनी दिलेली वेळ चुकली. एरवी त्यांची वेळ कधी चुकली नाही, असे प्रत्येकाने सांगितले. अध्यक्षांनी या घटनेला "नियतीचा खेळ" म्हटले. मला बोलण्यासाठी बोलावले नव्हते. आयोजकांनी ते समजूनच केले असावे, कारण मी बोललो असतो तर सभा लांबली असती आणि चहा थंड झाला असता.

त्या दिवशी मी वंदनाच्या घराच्या अंगणात होतो. सभेतल्या वक्त्यांपैकी एकही तिथे नव्हता. विमान वेळेवर होते. चुकले ते सर.

त्यांच्याशी माझी मैत्री होती असा दावा मी करणार नाही. मी मराठी आणि संस्कृत शिकवीत असे, ते भूगोल. शिक्षक-खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी होत्या आणि निवृत्तीपर्यंत त्या तशाच राहिल्या, कारण दोघांपैकी कोणीही उठून दुसरीकडे बसायला तयार नव्हता. ते मला "गुरुजी" म्हणत. त्या संबोधनात आदर किती आणि टोमणा किती, हे मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

एका वक्त्याने त्यांना "साधा माणूस" म्हटले. साधा माणूस शाळेचा पृथ्वीगोल मांडीवर घेऊन एसटीने प्रवास करीत नाही. उन्हाळी सुट्टीत तो गोल कपाटात उंदरांच्या हवाली करायला ते तयार नसत. कंडक्टर विचारी, "सर, याचं बी तिकीट काढा लागन." त्यावर सर म्हणत, "तू याच्यावर बसून राह्यला, हा तुयावर नाई. तिकीट तूच काढजो."

गोलाबरोबर त्यांच्या खिशात गोधडी शिवायच्या जाड दोऱ्याची एक गुंडाळी असे. साधा दोरा ताणला की लांबतो, हा दोरा लांबत नाही, असे त्यांचे म्हणणे. दोन शहरांवर दोऱ्याची टोके टेकवून, दोरा गोलाला घट्ट बसवून ते अंतर काढीत. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवणाऱ्याला ते वर्गाबाहेर उभे करीत. जग फुगलेले आहे, सपाट नाही, हे दोऱ्याला कळते आणि पट्टीला कळत नाही, हा त्यांचा दरवर्षीचा पहिला तास होता. मुंबई ते सिंगापूर, दिल्ली ते टोकियो, कोलकाता ते बँकॉक अशी अंतरे त्यांनी त्या दोऱ्याने काढून मुलांकडून पाठ करून घेतली होती. अल्लीपूरच्या पोरांनी बँकॉकचे अंतर काऊन पाठ करायचे, असा प्रश्न एका पालकाने पालकसभेत विचारला होता. सर म्हणाले, "त्याले जायचं नसन तं नको जाऊ दे. पण किती दूर नाई गेला, हे तं समजलं पाह्यजे."

मात्र अंतर सांगून ते कधी थांबले नाहीत. "अंतर म्हणजे अर्धं उत्तर," हे त्यांचे आवडते वाक्य. केळझर किती दूर आहे असे कोणी विचारले, तर ते उलट विचारीत: कशाने जाणार, केव्हा निघणार, आणि तिकडे कोणी वाट पाहून राह्यलं का? वाट पाहणारा असेल तर ते वेळ वाढवून सांगत. वाट पाहणाऱ्याला नेहमी जास्तीचे सांगावे, म्हणजे आलेला माणूस त्याला लवकर आला असे वाटते, हा त्यांचा हिशेब. पुढे ज्या दिवशी तो लागू करायला हवा होता, नेमके त्याच दिवशी ते तो विसरले.

आमच्या भागावरून विमाने फार जातात. शिकवता शिकवता आवाज आला की सर खडू ठेवून व्हरांड्यात येत, डोळ्यांवर हात धरून वर पाहत आणि जाहीर करीत, "हे बँकॉकले निघालं." सभेत सांगितले गेले की त्यांना प्रत्येक विमान ओळखू येई. ते खोटे आहे. ते दिशेवरून अंदाज करीत आणि निम्म्या वेळा तो चुके. मात्र चुकला म्हणून आवाज खाली येत नसे. मोबाइलवर विमानाचा ठावठिकाणा दिसू लागल्यावर एका विद्यार्थ्याने त्यांना दाखवले, "सर, हे तं रायपूरले चाललं." सरांनी मोबाइलकडे न पाहता उत्तर दिले, "रायपूर बँकॉकच्याच वाटेवर हाय. हे मधात उतरून राह्यलं, एवढंच."

ते जन्मात विमानात बसले नाहीत, ही दुसरी दंतकथा. ते एकदा बसले होते. डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मुलाने त्यांना नागपूरहून मुंबईला नेले. विमानतळावरच्या तपासणीत घड्याळ काढून ठेवावे लागले, ते ट्रेमध्येच राहिले, आणि विमान सुटण्याआधीच सर झोपी गेले. उठले तेव्हा मुंबई आली होती. किती वेळ लागला हे त्यांना सांगता येईना. शिक्षक-खोलीत मी हे बरेच दिवस पुरवून वापरले. पश्चिमेकडे जाणारे त्यांचे आयुष्यातले एकमेव विमान, आणि त्यात ते झोपले. तेव्हा मला ही केवळ गंमत वाटली होती.

पश्चिमेचे महत्त्व त्यांना माहीत नव्हते असे कोणी समजू नये. दर रविवारी ते सायकलने हिंगणघाटच्या बाजारात जात. हिंगणघाट आमच्या पूर्वेला. जाताना वारा पाठीशी, येताना तोंडावर. उन्हाळ्यात तर परतताना त्यांचा सदरा शिडासारखा फुगलेला आणि चेहरा धुळीने माखलेला असे. हिंगणघाट किती दूर, या प्रश्नाला ते दोन उत्तरे देत, एक जायचे आणि एक यायचे. वर्गात पश्चिमी वारे शिकवताना ते हीच सायकल फळ्यावर काढीत. मुले हसत, पण विसरत नसत.

आता त्यांच्या दुसऱ्या उद्योगाविषयी सांगितले पाहिजे, कारण मूळ गोष्ट त्यातच आहे.

आमच्याकडची मुले शिकून दूर गेली. पुण्याला गेली तोवर ठीक होते. रात्रीच्या गाडीने सकाळी येत. पुढे ती दुबईला, सिंगापूरला, टोकियोला गेली. मग घरात कोणी वारले की अंगणात पहिला प्रश्न "कसे गेले" हा असे आणि दुसरा "माती किती वाजता" हा. दुसऱ्याचे उत्तर परदेशातल्या माणसावर अवलंबून असे. पाहुण्यांना केव्हा निघायचे ते कळवावे लागते, लाकडे सांगावी लागतात, आणि दिवस मावळल्यावर आमच्याकडे अग्नी देत नाहीत. अशा वेळी सरांना बोलावणे जाई. त्यांना अंगणात खुर्ची मिळे. ते विचारीत: कोणत्या शहरातून, केव्हा निघणार, मधे कुठे बदलायचे, नागपूरला गाडी घेऊन कोण गेले? ड्रायव्हरचे नावसुद्धा विचारीत, कारण बुट्टीबोरीला चहासाठी थांबणारे ड्रायव्हर त्यांना माहीत होते. मग बोटांवर हिशेब करून ते एक वेळ सांगत. "सरांनी वेळ दिली" असा निरोप गावोगाव जाई आणि त्या वेळेवर माणसे निघत. एवढे खरे की ती वेळ बहुधा साधे. एवढेच खरे की त्यांना त्याचा गर्व होता. मला ते एकदा म्हणाले, "गुरुजी, तुमच्या संस्कृतासाठी लोक खोळंबते काय?"

वंदना आम्हा दोघांची विद्यार्थिनी. तिच्या वडिलांचे सरकी-ढेपेचे दुकान होते. मुलगा नव्हता. दुकानात बसल्या बसल्या, समोर कोण आहे हे न पाहता, ते म्हणत, "मले आग माही पोरगीच देईन." त्यांच्या धाकट्या भावाला हे रुचत नसे, पण तो उघड बोलत नसे. वंदना टोकियोला नोकरीला गेली तेव्हा उतरल्याबरोबर तिने सरांना फोन केला होता आणि सरांनी खुशालीच्या आधी विचारले होते, "दिल्लीहून किती तास लागले?" साडेसात-आठ तास, ती म्हणाली. सहा हजार किलोमीटरांना थोडे कमी, असे अंतर सरांनी दोऱ्याने आधीच काढून ठेवले होते. त्यांचे अर्धे उत्तर पुरे झाले. ते तास त्यांनी पुढे कित्येकांना ऐकवले, जणू विमान त्यांनीच चालवले होते.

कापूस वेचणीच्या दिवसांत, हिवाळ्यात, तिचे वडील गेले. वंदनाचा निरोप आला की पहाटे टोकियोहून थेट दिल्लीचे विमान मिळाले आहे. दिल्लीत उतरून नागपूरचे जे पहिले विमान सापडेल ते धरीन. सकाळी अंगणात सर खुर्चीवर बसले होते. मी ओट्यावर होतो. समोर तिचे धाकटे काका आणि त्यांचा मुलगा प्रमोद उभे होते.

सरांनी टोकियोचे घड्याळ आपल्यापुढे किती असते ते वजा केले, त्यात आठ तास मिळवले आणि सांगितले की दिल्लीला ती आतापावेतो उतरलीच असन, दुपारच्या आधीचं नागपूरचं विमान तिले भेटते, तीन वाजेपर्यंत इथे दारात.

प्रमोद मोबाइल घेऊन पुढे आला. "सर, हा तं दहा तास दाखवून राह्यला. म्हणजे दिल्लीलेच बारा वाजते. इथं पोचेपर्यंत दिवस बुडून जाईन. त्यापरीस उद्या सकाळी ठेवू. हिंगणघाटहून बरफाची पेटी आणतो."

सर हसले. "दिल्लीहून टोकियो आठ तास, अन् टोकियोहून दिल्ली दहा? रस्ता मधातच लांबला काय रे?"

"मले काय माहीत? दाखवते ते सांगतो."

"दोन्हीकडचं घड्याळ येगळं राह्यते. तुया मोबाइलनं वजा करायचं सोडून कुठंतरी मिळवलं असन. अंतर तेच हाय ना?"

प्रमोद म्हणाला, "अंतर तेच हाय."

"मंग झालं."

मी भाषेचा शिक्षक आहे, तरी आज मलाही एवढे समजते की फार उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वारा वाहतो आणि हिवाळ्यात तो फार जोराचा असतो. टोकियोला जाताना तो विमानाच्या पाठीशी असतो, दिल्लीला येताना तोंडावर. हिंगणघाटच्या रस्त्याला दोन उत्तरे देणाऱ्या माणसाने टोकियोच्या रस्त्याला एकच दिले. अंतर म्हणजे अर्धे उत्तर, असे आयुष्यभर म्हणणारा माणूस त्या सकाळी अर्ध्या उत्तरावर थांबला.

धाकट्या काकांनी प्रमोदकडे पाहिले आणि म्हणाले, "सरांनी वेळ देल्ली ना. बस." काकांनीच सरांना तसे बोलायला लावले, अशीही एक कथा गावात आहे. काकांना मी चांगला माणूस मानत नाही, पण ही कथा खोटी आहे. काकांना काही करावेच लागले नाही.

निरोप गेले. दुपार होईतो माणसे जमली. प्रेताला आंघोळ घातली, तिरडी बांधून झाली. तेवढ्यात प्रमोदचा फोन वाजला. वंदनाचा इथे चालणारा नंबर नव्हता. ती कोणा प्रवाशाच्या फोनवरून बोलत होती. प्रमोदने ऐकले आणि आमच्याकडे वळून सांगितले, "ताई आता दिल्लीले उतरली. दुपारच्या आधीचं इमान गेलं म्हणते. संध्याकाळी नागपूरले येते."

मग काका म्हणाले, "इमान लेट झालं असन. होते असं."

सर खुर्चीवरून उठले. "किती वाजता उतरणार होतं, विचार तिले."

प्रमोदने विचारले. वंदनाने सांगितलेली वेळ आणि मोबाइलने सकाळी दाखवलेली वेळ एकच होती.

"इमान लेट नाई," सर म्हणाले. "टाइमावर हाय. मी चुकलो." नंतर ते काकांकडे गेले. "तिरडी सोडा. पेटी आणू. उद्या सकाळी नेऊ."

"सर, बांधलेली तिरडी सोडत नाई."

"माह्या चुकीनं बांधली. मीच सोडतो."

ते खरोखर वाकले. दोघा-तिघांनी त्यांना धरून मागे घेतले. आंघोळ घातलेले प्रेत पुन्हा घरात घेत नाहीत, असे एका म्हाताऱ्याने सांगितले; दुसऱ्याने मान डोलावली. सरांनी प्रत्येकाशी वाद घातला. मी त्यांच्या बाजूने बोललो. वाद घालण्यात मी कच्चा नाही, हे वाचकांना एव्हाना कळले असेलच. पण त्या अंगणात आम्ही दोघेही मास्तर होतो आणि प्रेत आमच्या घरचे नव्हते. शेवटी एवढेच कबूल झाले की दिवस मावळेपर्यंत थांबायचे. थांबले. सूर्य तुरीच्या शेंड्यांना टेकला तेव्हा निघाले. अग्नी प्रमोदने दिला. देण्याआधी त्याने दोनदा रस्त्याकडे वळून पाहिले. त्याला ते काम नको होते.

लोक आंघोळीला गेले. सर तिथेच एका दगडावर बसून राहिले, म्हणून मीही राहिलो. दिवेलागणीनंतर गाडी थेट स्मशानाशी आली. सभेत सांगण्यात आले की वंदना सरांच्या पाया पडली आणि "सर, तुमची काही चूक नाही" म्हणाली. हे सांगणाऱ्याने ते कुठून आणले कोण जाणे. ती आधी चितेजवळ गेली. बराच वेळ उभी राहिली. मग आमच्याकडे आली.

"प्रमोदनं सांगितलं," ती म्हणाली. "सर, तुम्हाला वारा माहीत होता."

सर म्हणाले, "हो."

"हिंगणघाटहून येताना तोंडावर येतो. तुम्हीच शिकवलं होतं. सायकल काढून."

"हो."

आणखी काही झाले नाही. ती गाडीत बसली.

या दिवसानंतर सरांनी वेळ देणे सोडले, मौन धरले, असे वर्णन एका वक्त्याने फार सुंदर शब्दांत केले. त्यांनी काहीही सोडले नाही. पुढच्या मातीला त्यांना कोणी बोलावले नाही; ते आपणहून गेले आणि स्वतःच खुर्ची मागून घेतली. फरक एवढाच पडला की आधी विचारीत, "इकडं येऊन राह्यले का तिकडं जाऊन राह्यले?", आणि वेळ सांगून झाल्यावर म्हणत, "हा मास्तरचा अंदाज हाय. उतरल्याचा फोन आल्याबिगर तिरडी बांधू नका." लोकांना सुरुवातीला हे विचित्र वाटे. नंतर ते अंगवळणी पडले. आता सर नसले तरी बांबू आडवे ठेवून माणसे थांबतात आणि कोणीतरी विचारते, "फोन आला का?" हा रिवाज अल्लीपुरात पूर्वापार आहे, असे मी गेल्या वर्षी एका तरुणाकडून ऐकले. पूर्वापार नाही. तो त्या दुपारपासून आहे, आणि विमान उशिरा आले होते असे एकदा ठरवले की तो कुठून आला हे कोणालाच सांगता येणार नाही.

लोक त्यांच्या तोंडावरही हे बोलत. चांगुलपणानेच बोलत. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्याने समजुतीच्या सुरात म्हटले, "सर, त्या दिवशी इमानच लेट होतं, तुम्ही काय करान?" सरांनी हातातला घास ताटात ठेवला. "तू होता त्या इमानात?"

"नाई."

"मंग? टाइमावर होतं." आणि ते हात धुवायला उठले. यजमान मागे धावले, पण ते परत बसले नाहीत. घरी जाताना वाटेत मला म्हणाले, "गुरुजी, चूक माही हाय. हे लोक ती बी घेऊन चालले."

सर मागच्या महिन्यात गेले. त्यांचा एकुलता मुलगा गावातच राहतो; त्यांचे म्हणावे असे कोणी कुठून उडून येणार नव्हते. सकाळी टोकियोहून वंदनाचा मला फोन आला. प्रमोदने तिला कळवले होते. ती नेहमीसारखी थोडेच बोलली.

"गुरुजी, मी निघत नाहीये. कुणाला थांबवू नका. सांगाल ना?"

"कोणाला सांगू? तुझी वाट पाहायची असे कोणी म्हटलेले नाही."

"तरी सांगा," ती म्हणाली.

ती का आली नाही याविषयीही गावात दोन मते आहेत. मी तिला विचारले नाही, म्हणून मला तिसरे मत नाही.

दुपारी सरांच्या अंगणात प्रमोदने बांबू आडवे ठेवले. त्याचेही केस आता पांढरे झाले आहेत. दोर हातात घेऊन तो थांबला, आणि कोणाकडेही न पाहता, सवयीने त्याने विचारले, "फोन आला का?"

माणसे एकमेकांकडे पाहू लागली. कोणाचा फोन, हे कोणालाच कळेना. सरांच्या मुलाने नकारार्थी मान हलवायला सुरुवात केली होती.

"आला," मी म्हणालो. "बांध."